सूक्ष्म शैवालाने पाण्यातील प्रतिजैविके नष्ट होतात की फक्त नजरेआड होतात?

ओंजळ

नमस्कार. मी पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सांडपाण्यातील प्रतिजैविके सूक्ष्म शैवालाच्या मदतीने काढून टाकणे, हा विषय प्रकल्पासाठी घेतला आहे. अनेक प्रतिजैविकांचा बराच हिस्सा शरीरातून मूळ रूपातच बाहेर पडतो. नेहमीची प्रक्रिया केंद्रे सेंद्रिय घाण आणि तरंगता गाळ काढण्यासाठी बांधलेली असल्याने या रेणूंचा काही भाग त्यांतून तसाच पुढे जातो. मग नदी-तलावांतील जीवाणूंना सतत अल्प मात्रेत औषध मिळत राहते आणि त्यांच्यात प्रतिरोध पोसला जातो. इथपर्यंतचे चित्र मला स्पष्ट आहे.

पुढे मात्र वाचन वाढले तसा गोंधळही वाढला. एका शोधनिबंधात शैवालाने टेट्रासायक्लिन जवळजवळ पूर्ण काढल्याचे दिसते, तर दुसऱ्यात सल्फामेथॉक्साझोलची मात्रा आठवडाभरात जेमतेम हललेली असते. ‘इतके टक्के निर्मूलन’ हे शब्द सगळीकडे आहेत, पण औषध गेले कुठे, हा भाग बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेला असतो. ते शैवालाच्या अंगावर चिकटून बसत असेल, तर आपण ते पाण्यातून काढून चिखलात ठेवले एवढाच त्याचा अर्थ होतो. शिवाय जे रसायन सूक्ष्मजीव मारण्यासाठी बनवले, त्यात हे सूक्ष्मजीव तग कसा धरतात, हेही मला नीट उमगलेले नाही.

माझा आराखडा असा आहे: क्लोरेला व्हल्गॅरिस हे हिरवे सूक्ष्म शैवाल बीजी-११ या क्षारयुक्त पोषक माध्यमात वाढवायचे, त्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम टेट्रासायक्लिन घालायचे, दिव्यांच्या उजेडात सात दिवस ठेवायचे आणि रोज पाण्यातील औषध मोजायचे. तुलनेसाठी शैवाल नसलेली एक बाटली असेल. यात काय चुकते आहे, ते जाणकारांनी सांगावे.

निवळी

आपला प्रयोग आहे तसा केलात, तर टेट्रासायक्लिन बहुधा झपाट्याने कमी झालेले दिसेल, पण त्यात शैवालाचा वाटा किती, हे आपल्याला सांगता येणार नाही. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. माझ्या पहिल्या प्रयोगातही शैवाल नसलेली एकच बाटली होती, ती मी जागेअभावी कपाटात ठेवली होती, आणि उजेडाचे सारे श्रेय मी शैवालाला देऊन मोकळा झालो होतो.

शैवालाच्या पाण्यात औषध कमी होण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्या एकाच वेळी चालू असतात. पहिली वाट पृष्ठभागाची. पेशीभित्तीवर कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल आणि फॉस्फेट गट असतात, त्यामुळे नेहमीच्या सामूवर (म्हणजे पीएचवर) पेशीचा पृष्ठभाग ऋणभारित राहतो आणि ज्या रेणूंवर धनभार आहे ते त्याला चटकन चिकटतात. हे काम पहिल्या काही मिनिटांत ते तासांत उरकते आणि त्याला पेशी जिवंत असण्याचीही गरज नसते. दुसरी वाट पेशीच्या आत शिरून साठण्याची. तिसरी वाट खऱ्या अर्थाने विघटनाची, ज्यात सायटोक्रोम पी-४५०, ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज अशी विकरे (एन्झाइम) रेणूत फेरफार करतात. पेशीबाहेर सोडलेल्या विकरांनीही काही विघटन होते. आपल्याला ज्याची बातमी हवी असते ती ही तिसरी वाट, आणि सिद्ध करायला सर्वांत अवघड तीच आहे.

राहिल्या दोन वाटा, ज्या शैवालाशिवायही चालतात आणि तरी शैवालामुळे बदलतात. त्यांपैकी एक प्रकाशविघटन. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी फ्लुओरोक्विनोलोन औषधे उजेडात तुटतात. शिवाय शैवालाने पाण्यात सोडलेले सेंद्रिय पदार्थ प्रकाश शोषून क्रियाशील ऑक्सिजन तयार करतात आणि एरवी उजेडाला दाद न देणारे काही रेणूही त्याने मोडतात. दुसरी जलविघटनाची. प्रकाशसंश्लेषणात शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे दिवसा सामू नऊ-दहापर्यंतही चढतो, आणि अशा अल्कधर्मी पाण्यात पेनिसिलिन गटातील औषधांचे बीटा-लॅक्टम वलय आपोआप उघडते. टेट्रासायक्लिनचे प्रकाशविघटनही सामू वाढला की वेग घेते. म्हणजे शैवालाने औषधाला स्पर्शही न करता, केवळ पाण्याची प्रकृती बदलून ते कमी केलेले असू शकते. हे काम कमी मोलाचे नाही, पण त्याला ‘जैविक विघटन’ म्हणणे चूक आहे.

सल्फामेथॉक्साझोलचे कोडेही यातूनच सुटते. साधारण ५.७ सामूच्या वर त्या रेणूवर ऋणभार येतो, पेशीचा पृष्ठभागही ऋणभारित, त्यामुळे चिकटण्याचा प्रश्न फारसा येत नाही. ते पाण्यात सहज विरघळते आणि टेट्रासायक्लिनच्या मानाने चिवटही आहे. त्यात खऱ्या सांडपाण्यात आणखी एक गंमत होते. शरीरात या औषधाला ॲसिटिल गट जोडला जाऊन जे रूप बाहेर पडते, ते प्रक्रियेदरम्यान पुन्हा मूळ औषधात बदलू शकते, आणि मग आत आलेल्या औषधापेक्षा बाहेर गेलेले औषध जास्त भरते. ऋण निर्मूलनाचे आकडे पाहून उपकरणावर संशय घेण्याआधी हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या बाटल्यांविषयी. निदान पाच प्रकार तरी लागतील: जिवंत शैवाल उजेडात, जिवंत शैवाल अंधारात, मारलेले शैवाल अंधारात, शैवालाविना माध्यम उजेडात आणि शैवालाविना माध्यम अंधारात. त्यातही शैवालाविना असलेल्या बाटलीचा सामू जिवंत बाटलीच्या सामूबरोबर रोज वर आणावा लागेल. नाहीतर सातची दहाशी तुलना होईल आणि फरकाचा धनी पुन्हा शैवालच ठरेल. हे बहुतेक जण करत नाहीत. शिवाय बीजी-११ मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह असते, आणि टेट्रासायक्लिन या धातूंना घट्ट धरून ठेवते, म्हणून तुलनेची बाटली साध्या पाण्याची नको, त्याच माध्यमाची हवी.

शेवटी, फक्त पाणी मोजू नका. रोजचा नमुना अपकेंद्री यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करा आणि त्यांतले औषधही द्रावकाने काढून मोजा. टेट्रासायक्लिनसाठी द्रावकात ईडीटीए हे धातू पकडून ठेवणारे रसायन घालावे लागेल, नाहीतर धातूंशी बांधलेला हिस्सा सुटत नाही. पाण्यातले अधिक पेशींतले, हे वजा करून जे ‘हरवले’ ते उरते, आणि त्यातून अंधाऱ्या व उजेडातल्या बिनशैवालाच्या बाटल्यांचा वाटा काढला की शैवालाच्या चयापचयाचा अंदाज मिळतो.

भिंग

निवळी यांच्याशी सहमत आहे. शैवाल तग कसे धरते, हा प्रश्न मागे राहिला, त्याविषयी लिहितो.

क्लोरेला, सीनडेस्मस, क्लॅमिडोमोनास ही हिरवी शैवाले दृश्यकेंद्रकी आहेत. त्यांच्या पेशीभित्तीत जीवाणूंसारखे पेप्टिडोग्लायकन नसते, म्हणून त्यावर घाव घालणारी पेनिसिलिन गटातील औषधे त्यांना फारशी बाधत नाहीत. पण त्यांच्यापाशी हरितलवके आहेत, आणि हरितलवक हे कोणे एके काळी पेशीत वस्तीला आलेल्या नीलहरित जीवाणूचे वंशज आहे. त्यातले रायबोसोम आजही जीवाणूंच्या ७०-एस धाटणीचे आहेत. त्यामुळे टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिनसारखी मॅक्रोलाइड औषधे हरितलवकातील प्रथिननिर्मिती अडवू शकतात, आणि फ्लुओरोक्विनोलोन तेथील डीएनए गायरेज या विकराला लक्ष्य करू शकतात. शैवाल मरत नाही, पण त्याचे स्वयंपाकघर मंदावते.

स्पिरुलिना मात्र या पंगतीत बसवू नये. बाजारात तिला शैवाल म्हणतात, पण ती नीलहरित जीवाणू आहे, तिच्या भित्तीत पेप्टिडोग्लायकन आहे, आणि नीलहरित जीवाणू सर्वसाधारणपणे प्रतिजैविकांना हिरव्या शैवालांपेक्षा बरेच जास्त संवेदनशील असतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०१ क्रमांकाची प्रमाणित वाढरोध चाचणी दोन्ही गटांवर करता येते आणि साधारण ७२ तासांत उरकते. मुख्य प्रयोगाआधी ती करून घ्या, म्हणजे निवडलेल्या मात्रेला शैवाल वाढते आहे की नुसते जीव धरून आहे, ते कळेल.

मात्रेविषयी माझा आक्षेप थोडा तीव्र आहे. घरगुती सांडपाण्यात प्रतिजैविके लिटरमागे नॅनोग्रॅम ते काही मायक्रोग्रॅम असतात. आपण २० मिलिग्रॅम घेणार म्हणजे हजारो पट जास्त. साध्या उपकरणावर तेवढेच दिसते, ही अडचण मी समजू शकतो, पण त्या मात्रेवरचे निष्कर्ष घरगुती सांडपाण्याला लावता येत नाहीत. औषध भरपूर असताना पेशीवरच्या जागा भरून जातात आणि अल्प असताना त्या रिकाम्या राहतात, त्यामुळे टक्केवारी दोन्हीकडे वेगळी येते.

सहचयापचयाच्या, म्हणजे सोपे अन्न सोबत देऊन औषध मोडून घेण्याच्या, आकड्यांनाही भुलू नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्लॅमिडोमोनास मेक्सिकाना या शैवालाने लिटरमागे २ मिलिग्रॅम सिप्रोफ्लॉक्सॅसिनपैकी ११ दिवसांत सुमारे १३ टक्केच काढले, पण सोबत सोडियम ॲसिटेट दिल्यावर तेच प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास गेले. विज्ञान म्हणून हे फार बोलके आहे, कारण सोपे अन्न मिळाले की पेशीची यंत्रणा अवघड रेणूलाही हात घालते, हे त्यातून दिसते. पण ॲसिटेट होते लिटरमागे ४ ग्रॅम, म्हणजे औषधाच्या दोन हजार पट. एवढ्या ॲसिटेटची रासायनिक ऑक्सिजन मागणीच (पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप) लिटरमागे तीन ग्रॅमच्या पुढे जाते, आणि नेहमीचे घरगुती सांडपाणी त्याच्या काही अंशाइतकेच घाण असते. दोन मिलिग्रॅम काढण्यासाठी चार ग्रॅम टाकायचे, आणि मग ते चार ग्रॅम काढायला दुसरी टाकी बांधायची, हा व्यवहार कोणाला परवडेल?

ओंजळ

निवळी, भिंग, दोघांचेही मनापासून आभार. सामूची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. स्पिरुलिना मी दुसरी जात म्हणून घेणार होतो, ती आता वगळतो. मात्रेविषयी सांगायचे तर आमच्या विभागातील उपकरण मायक्रोग्रॅमच्या पातळीला पोहोचत नाही, म्हणून नमुना गाळणीच्या नळीतून नेऊन संहत करता येईल का, ते विचारतो आहे. समजा प्रयोग मनासारखा झाला, तरी टाकीबाहेरच्या जगात ही पद्धत कुठे बसते, हे प्रत्यक्ष काम केलेल्या कोणी सांगितले तर बरे होईल.

तळगाळ

मी सांडपाणी प्रक्रियेत बरीच वर्षे काढली आहेत. शैवालाचे कौतुक मला आहे, पण ते तळ्याच्या काठावर उभे राहून केलेले आहे.

शैवालावर सांडपाणी शुद्ध करण्याची कल्पना प्रतिजैविकांसाठी जन्मलेली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात उथळ, वळणावळणाची, पाणचक्कीने पाणी फिरते ठेवणारी तळी विकसित केली. त्यांचा मूळ हेतू असा होता की शैवालाने ऑक्सिजन पुरवावा, जीवाणूंनी तो वापरून घाण खावी आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शैवालाने घ्यावा. हवा फुंकणाऱ्या यंत्रांची वीज वाचते, हे त्याचे खरे आकर्षण. नायट्रोजन आणि फॉस्फरसही बऱ्यापैकी निघतात. प्रतिजैविके कमी होणे हा त्यावरचा जोडलाभ आहे, आणि माझ्या मते त्याकडे तसेच पाहावे.

अडचण जागेची. उजेड तळापर्यंत जावा म्हणून पाणी २० ते ४० सेंटिमीटरच खोल ठेवावे लागते आणि ते तळ्यात चार ते दहा दिवस राहावे लागते, तर हवा फुंकून जीवाणूंकडून घाण खाऊन घेणाऱ्या नेहमीच्या सक्रिय गाळ पद्धतीत तेच पाणी काही तासांत पुढे जाते. दिवसाला दहा लाख लिटर पाणी, पाच दिवसांचा मुक्काम आणि ३० सेंटिमीटर खोली धरली, तर नुसत्या तळ्यालाच सुमारे १.७ हेक्टर जागा लागते. मोठ्या वस्तीच्या मध्यावर हे शक्य नाही. जिथे जागा आहे, ऊन आहे आणि वीज महाग किंवा बेभरवशाची आहे, तिथे ते शोभते.

ऊन म्हटले की रात्रही आली. रात्री प्रकाशविघटन थांबते, सामू खाली येतो, ऑक्सिजन घटतो आणि दिवसा पेशीवर चिकटलेल्या औषधाचा काही भाग सुटून परत पाण्यात येऊ शकतो. प्रयोगशाळेत २४ तास दिवे लावून काढलेला दर मी तळ्याच्या आराखड्यात कधीच वापरणार नाही. दाट हिरव्या पाण्यात औषध तोडणारे अतिनील किरण काही सेंटिमीटरच उतरतात, तेव्हा पाणी ढवळले नाही तर वरचा थर काम करतो आणि खालचा वाट पाहतो.

यानंतरचा टप्पा शोधनिबंधांत सहसा येत नाही: हे शैवाल पाण्यातून बाहेर कसे काढायचे? क्लोरेलाची पेशी २ ते १० मायक्रोमीटरची, पाण्याहून किंचितच जड आणि भारामुळे एकमेकींपासून फटकून राहणारी. घनमीटरभर पाण्यातून कोरडे शैवाल निघते काहीशे ग्रॅम. पेशी निथळल्या नाहीत तर त्यांच्या अंगावरचे औषध त्यांच्याबरोबरच नदीत जाते आणि आपला सगळा हिशेब उलटतो. शुद्ध क्लोरेलाऐवजी शैवाल-जीवाणूंचे मिश्र पुंजके वाढवले तर ते आपसूक बसतात. उघड्या तळ्यात शुद्ध जात टिकतच नाही, म्हणून तोच मार्ग व्यवहार्य आहे.

निघालेल्या शैवालाचे खत करावे, असे सुचवणारे बरेच आहेत. त्याआधी त्यात काय साठले आहे ते मोजावे, असे मी म्हणेन. फ्लुओरोक्विनोलोन मातीला घट्ट चिकटून दीर्घकाळ राहतात आणि बायोगॅसच्या टाकीतही ती सहजासहजी मोडत नाहीत. अशा पाण्यातून आलेले शैवाल पशुखाद्यात तर मुळीच जाऊ नये. जाळणे किंवा उच्च तापमानाला कोळसा करणे हे उपाय रेणू नक्की मोडतात, पण ओले शैवाल सुकवण्यातच बरीच ऊर्जा जाते.

रुजवात

चर्चा औषधाभोवती फिरते आहे, पण आपल्याला भीती प्रतिरोधाची आहे, आणि या दोन गोष्टी एकच नाहीत. औषधाचा रेणू मोडला तरी प्रतिरोधाची जनुके जीवाणूंच्या पेशींत असतात, पेशी फुटल्यावर पाण्यात मोकळीही तरंगतात, आणि एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. शैवालाच्या पेशीभोवती तिने स्रवलेल्या शर्करांवर जगणाऱ्या जीवाणूंची दाट वस्ती असते. अशी दाटी जनुकांच्या देवाणघेवाणीला सोयीची असू शकते. दुसऱ्या बाजूला वाढलेला सामू, ऊन आणि भरपूर ऑक्सिजन यांमुळे विष्ठेतून आलेले अनेक जीवाणू याच तळ्यांत मरतात. यांतली कोणती बाजू जड पडेल, हे त्या त्या तळ्यावर अवलंबून असते. म्हणून रसायनाबरोबर सल्फोनामाइड प्रतिरोधाचे सल-१ किंवा तत्सम एखादे जनुकही मोजावे, असे मी सुचवेन.

दुसरा मुद्दा उरलेल्या औषधाचा. प्रतिरोधाची निवड होऊ नये यासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची मर्यादा लिटरमागे ६४ नॅनोग्रॅम असावी, असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. आता २००७ मधील, हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या नोंदीकडे पाहा. सुमारे ९० औषध उत्पादकांचे सांडपाणी घेणाऱ्या तेथील प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात हेच औषध लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले होते. रुग्णाच्या रक्तातही उपचारादरम्यान इतके नसते. अशा पाण्यावर शैवालाने ९९ टक्के निर्मूलन केले, तरी ३१० मायक्रोग्रॅम उरतात, म्हणजे त्या मर्यादेच्या जवळपास पाच हजार पट. त्यामुळे ९९ टक्के हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, सोबत सुरुवात आणि शेवट दोन्ही द्यावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाण्याविषयी २०२४ मध्ये जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्याचाही भर टक्क्यांवर नाही, बाहेर पडणाऱ्या पाण्यातील मात्रेवर आहे. कारखान्याचे तीव्र सांडपाणी उगमापाशीच अडवावे. शैवालाला द्यायचेच असेल तर ते शेवटच्या टप्प्यावरचे, आधी बरेच निवळलेले पाणी द्यावे.

तळगाळ यांच्या ‘जोडलाभ’ या शब्दाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. ओझोन किंवा सक्रिय कार्बन अधिक खात्रीचे आहेत हे खरे, पण त्यांना सतत वीज किंवा सतत नवा कार्बन लागतो, आणि जगातल्या कितीतरी लहान वस्त्यांना दोन्ही मिळणार नाही. तिथे तळे हाच मुख्य उपाय ठरू शकतो.

तळगाळ

लहान वस्त्यांपुरते मान्य. तळ्याचा गाळ कोण उपसणार, एवढे आधी ठरलेले असले म्हणजे झाले.

ओंजळ

सर्वांच्या सूचना धरून आराखडा बदलला आहे. पाच प्रकारच्या बाटल्या, प्रत्येकी तीन प्रती, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार, बिनशैवालाच्या बाटल्यांचा सामू रोज जुळवायचा, आणि औषध पाण्यात व पेशींत दोन्हीकडे मोजायचे. टेट्रासायक्लिनच्या जोडीला सल्फामेथॉक्साझोल घेतो, म्हणजे एक उजेडाला भिणारे व एक चिवट, अशी जोडी होईल. जनुके मोजण्याची सोय आमच्याकडे नाही, पण उरलेल्या पाण्यात जीवाणू मारण्याची ताकद आहे का, हे आगर थाळीवरच्या प्रतिबंधक वलयाने (थेंबाभोवती जीवाणू न वाढलेल्या मोकळ्या वर्तुळाने) पाहता येईल, असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे.

निवळी

वलयाची चाचणी अवश्य करा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांत मूळ रेणू मोडूनही त्याचे काही तुकडे जीवाणूंना मारत राहतात आणि ते यंत्राच्या आलेखात मूळ औषधाच्या नावाने दिसत नाहीत. आपल्या दोन औषधांतही तसे होते का, ते त्यातून कळेल. वलयासाठीचे पाणी आधी सातच्या सामूवर आणा, नाहीतर दहाच्या सामूनेच जीवाणूंची वाढ खुंटेल. आणि अंधाराच्या बाटल्यांना ॲल्युमिनियमची पन्नी गुंडाळताना बूच आणि मानही झाका, माझ्या बाटल्यांत उजेड तिथूनच शिरत होता.